अँटिव्हायरसच्या कन्सोल सर्व्हरवरील फाइल उघड करणाऱ्या त्रुटी : तपासणी, दुरुस्ती आणि त्यानंतरचे काम

कार्यालयात पन्नास-शंभर संगणक असले की प्रत्येकापाशी जाऊन अँटिव्हायरस सांभाळणे शक्य नसते. म्हणून एका सर्व्हरवर व्यवस्थापनाचा कन्सोल बसवतात आणि बाकीच्या संगणकांवरचे एजंट, म्हणजे तिथे बसवलेले अँटिव्हायरसचे प्रोग्राम, त्याच्याकडूनच अपडेट, नियम आणि आज्ञा घेतात. हा सर्व्हर एकदा सुरू झाला की त्याच्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही, कारण जो इतरांचे रक्षण करतो त्यालाच रक्षणाची गरज असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन तपासणारा मुख्य सर्व्हर) सोडला तर कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर वरच्या अधिकाराने आज्ञा चालवू शकणारे दुसरे यंत्र बहुधा हेच असते. या सर्व्हरवरची एखादी फाइल परक्याच्या हाती गेली तर नेमके काय जाते, आणि ते जाऊ नये म्हणून किंवा गेले असल्यास पुढे काय करावे, हे मी इथे क्रमाने मांडणार आहे. छोट्या-मध्यम कंपन्यांमध्ये ज्यांच्यावर संगणक विभागाची सगळी जबाबदारी एकट्यावर येऊन पडते, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

आधी एक खरे उदाहरण नीट पाहू, कारण पुढची सगळी कामे त्यातूनच निघतात. रुमानियातील बिटडिफेंडर या कंपनीचे ग्रॅव्हिटीझोन हे कंपन्यांसाठीचे व्यवस्थापन सॉफ्टवेअर आहे. जुलै २०१४ मध्ये ऑस्ट्रियातील एसईसी कन्सल्ट या सुरक्षा संस्थेने त्यातील गंभीर त्रुटी जाहीर केल्या. ५.१.११.४३२ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये वेब कन्सोल आणि अपडेट सर्व्हर या दोन्ही ठिकाणी लॉगिन न करता सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या. अपडेट सर्व्हर ७०७४ या पोर्टवर, म्हणजे संपर्क स्वीकारण्याच्या क्रमांकित दारावर, ऐकत असे, आणि त्याला पाठवलेल्या पत्त्यात दोन टिंबांची जोडी (..), म्हणजे 'वरच्या फोल्डरमध्ये जा' ही खूण, सांकेतिक रूपात घातली की तो आपल्या फोल्डरच्या बाहेर जाऊन फाइल काढून देत असे. वेब कन्सोलमध्ये इन्स्टॉलर डाउनलोड करण्याच्या सोयीतील 'आयडी' या घटकातून तेच साधत होते. सीव्हीई या सुरक्षा त्रुटींच्या जागतिक यादीत या त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१४-५३५० असा आहे. त्या फाइली वेब सर्व्हर ज्या खात्याखाली चालत होता त्याच्या अधिकारातच वाचता येत होत्या, म्हणजे सर्वोच्च अधिकार मिळत नव्हता. तरीही त्या मर्यादित खात्याला दिसणाऱ्या कॉन्फिगरेशन फाइलींमध्ये पासवर्ड उघडे लिहिलेले होते, आणि खरे नुकसान तिथेच होते.

त्रुटींच्या यादीत 'फाइल वाचता येते' असे वाचले की बरेच जण तिला दुय्यम ठरवतात आणि 'बाहेरून आज्ञा चालवता येते' अशा त्रुटींकडे आधी धावतात. अँटिव्हायरसच्या कन्सोलपुरता हा क्रम मला मान्य नाही. साध्या फाइल सर्व्हरवरून एखादे पत्रक गेले तर एक पत्रक गेले. या सर्व्हरवरून फाइल जाते तेव्हा किल्ल्यांचा जुडगा जातो. डेटाबेसचा पासवर्ड, ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी (कार्यालयातील संगणक आणि वापरकर्ते यांच्या मध्यवर्ती नोंदवहीशी) बोलणारे खाते, अहवाल ईमेलने पाठवणाऱ्या खात्याचा पासवर्ड, एजंट ज्या प्रमाणपत्रावरून आपला सर्व्हर ओळखतात त्याची खासगी चावी, हे सगळे याच यंत्रावर साध्या फाइलींमध्ये किंवा सहज उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात पडलेले असू शकते.

मॅकॅफीच्या ईपॉलिसी ऑर्केस्ट्रेटर या अशाच कन्सोलमध्ये जानेवारी २०१५ मध्ये जे उघड झाले त्यातून हे नेमके कळते. ४.६.९ च्या आधीच्या आणि ५ च्या मालिकेतील ५.१.२ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये, कन्सोलवर लॉगिन करू शकणाऱ्या कोणालाही कामांच्या नोंदी गाळण्याच्या सोयीतून खास रचलेला एक्सएमएल (माहिती खुणांच्या चौकटीत लिहिण्याची पद्धत) मजकूर पाठवून सर्व्हरवरची फाइल वाचता येत होती. डेटाबेसची माहिती ठेवणारी फाइल त्यातून मिळे, पण तिच्यातील पासवर्ड सांकेतिक रूपात असे. इथवर ऐकले तर धोका टळला असे वाटेल. परंतु तो पासवर्ड सांकेतिक करण्याची चावी सगळ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर एकच होती, आणि ती उत्पादनातच असल्यामुळे एकदा काढली की सगळीकडे चालत होती. या दोन त्रुटींना सीव्हीई-२०१५-०९२१ आणि सीव्हीई-२०१५-०९२२ असे स्वतंत्र क्रमांक मिळाले. सुट्या पाहिल्या तर दोन्ही मध्यम वाटतात, पण एकत्र आल्यावर अहवाल पाहण्यापुरता अधिकार असलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती सगळा डेटाबेस येतो.

त्रुटींचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण त्यांच्या खुणा वेगळ्या ठिकाणी उमटतात. पहिल्या प्रकारात मागितलेल्या फाइलीच्या नावात दोन टिंबे आणि तिरपी रेघ पुन्हा पुन्हा घालून वरच्या फोल्डरमध्ये चढत जातात. ग्रॅव्हिटीझोनची त्रुटी याच जातीची होती, आणि कॅस्परस्कीच्या लिनक्स फाइल सर्व्हरसाठीच्या अँटिव्हायरसच्या वेब कन्सोलमध्ये जून २०१७ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०१७-९८१२ ही त्रुटीही; तिथे अहवालाचा क्रमांक विचारणाऱ्या घटकात फाइलीचा मार्ग घालता येत होता. दुसऱ्या प्रकारात सर्व्हरला एक्सएमएल मजकूर पाठवून त्यातच 'या ठिकाणी अमुक फाइलीचा मजकूर आणून बसव' अशी बाह्य व्याख्या लिहिलेली असते, आणि एक्सएमएल वाचणारा घटक निमूटपणे ती पाळतो. मॅकॅफीचे उदाहरण या जातीचे होते.

दुसऱ्या जातीची त्रुटी फाइल वाचून थांबतेच असे नाही, कारण फाइलीऐवजी एखादा वेब पत्ता दिला तर सर्व्हर स्वतःच त्या पत्त्यावर विनंती पाठवतो. सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शन मॅनेजरच्या बाबतीत फेब्रुवारी २०१४ मध्ये हीच साखळी समोर आली. सीव्हीई-२०१३-५०१४ या एक्सएमएलच्या त्रुटीतून सर्व्हरकडून त्याच्या स्वतःच्याच आतल्या भागाला विनंती करवता येत होती, आणि त्या आतल्या भागात डेटाबेसला हव्या त्या आज्ञा घुसवू देणारी सीव्हीई-२०१३-५०१५ ही त्रुटी होती. बाहेरून थेट पोहोचता येत नाही म्हणून आतला भाग सुरक्षित आहे, हे गृहीतक त्या साखळीने खोटे ठरवले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम आवृत्ती पाहण्याचे आहे, आणि त्यातच सर्वाधिक चूक होते. कन्सोल उघडल्यावर हिरव्या चौकटीत 'सर्व काही अद्ययावत आहे' असे दिसते, ते व्हायरसच्या व्याख्यांविषयी, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांच्या यादीविषयी, असू शकते. व्याख्या दिवसातून अनेकदा आपोआप येतात. कन्सोलचे मूळ सॉफ्टवेअर पुष्कळ ठिकाणी कोणीतरी हाताने बदलेपर्यंत तसेच राहते. तिसरी गोष्ट एजंटची, त्यांची आवृत्ती आणखी वेगळी असते. तेव्हा 'अबाउट' किंवा 'परवाना' या पानावर जाऊन कन्सोलच्या आवृत्तीचा चारही भागांसह पूर्ण क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, आणि उत्पादकाच्या सुरक्षा सूचनेत दिलेल्या दुरुस्त आवृत्तीशी शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहावा. व्हर्च्युअल मशीनच्या रूपात मिळणाऱ्या उत्पादनांमध्ये आतली लिनक्स प्रणाली, वेब सर्व्हर आणि डेटाबेस हेही त्याच पेटीत येतात. ते वेगळे अपडेट करायचे की उत्पादकाच्याच पॅचमधून (त्रुटी दुरुस्त करणाऱ्या अपडेटमधून) येतात, हे उत्पादकाच्या मदत केंद्राला लेखी विचारून ठेवावे.

दुसरे काम म्हणजे कन्सोलपर्यंत कोण पोहोचू शकते ते पाहणे. भोसरीतील एका लघुउद्योगात मी काही वर्षांपूर्वी हे काम केले, तेव्हा तिथल्या राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेला संपर्क आतल्या यंत्राकडे वळवण्याच्या सोयीच्या) पानावर चार ओळी होत्या. तीन सीसीटीव्हीच्या होत्या आणि चौथी थेट अँटिव्हायरसच्या कन्सोलची. देखभालीचा करार असलेल्या इंजिनिअरला घरून पाहता यावे म्हणून ती कधीतरी उघडली गेली होती, तो इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता आणि ओळ तशीच राहिली होती. ऑफिसात बसून ही ओळ कोणालाच दिसत नाही, कारण आतून सगळे नेहमीसारखेच चालते. म्हणून मोबाइलचे इंटरनेट वापरून, म्हणजे कार्यालयाच्या वायफायवरून बाहेर पडून, आपल्या सार्वजनिक आयपी पत्त्यावर कन्सोलचे पोर्ट उघडते का ते स्वतः पाहावे. उघडत असेल तर ती ओळ त्याच क्षणी काढावी. बाहेरून कन्सोल पाहण्याची खरोखर गरज असेल तर व्हीपीएनखेरीज दुसरा मार्ग देऊ नये.

आतल्या बाजूला हेच काम जरा बारकाईने करावे लागते. कन्सोलचे पोर्ट आणि एजंटचे पोर्ट पुष्कळ उत्पादनांत वेगळे असतात. कन्सोलच्या पोर्टवर केवळ व्यवस्थापकाच्या एक-दोन संगणकांना प्रवेश द्यावा आणि बाकी सर्वांना सर्व्हरच्या फायरवॉलमध्येच अडवावे. एजंटचे आणि अपडेटचे पोर्ट मात्र सगळ्या संगणकांसाठी उघडे ठेवावेच लागते, नाहीतर अँटिव्हायरसच चालणार नाही. त्यामुळे ग्रॅव्हिटीझोनच्या ७०७४ सारख्या पोर्टवर त्रुटी असेल तर कार्यालयातला कोणताही एक बाधित संगणक तिचा वापर करू शकतो आणि फायरवॉल तिथे उपयोगी पडत नाही. अशा त्रुटीवर पॅच हाच उपाय आहे आणि तो पुढच्या सुट्टीपर्यंत लांबवू नये. डेटाबेस त्याच सर्व्हरवर असेल तर त्याचे पोर्ट नेटवर्कवर उघडे असण्याचे काहीच कारण नाही. ते सर्व्हरच्या आतपुरते बांधून टाकावे. एजंटांना अपडेट देण्याखेरीज या सर्व्हरने इंटरनेटवर कुठे जायला हवे, याची यादी छोटी असते. उत्पादकाचे अपडेट पत्ते आणि ईमेल सर्व्हर सोडून बाकी बाहेर जाणारी वाट बंद ठेवली, तर एक्सएमएलच्या त्रुटीतून फाइल बाहेर पाठवण्याचा एक मोठा मार्ग मिटतो.

पॅच बसवण्याआधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट किंवा डेटाबेसचा बॅकअप घ्यावा, हे सांगायला नको. पण तो बॅकअप त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर किंवा सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नये. बॅकअपमध्ये प्रमाणपत्रांच्या चाव्या आणि पासवर्ड हे दोन्ही असतात, आणि फाइल वाचू देणारी त्रुटी बॅकअपचीही फाइल वाचू देते. याच कारणाने सर्व्हरवर वर्षानुवर्षे साठलेला पसारा आवरावा: 'पासवर्ड' नावाची एक्सेल फाइल, स्वयंचलित इन्स्टॉलेशनसाठी लिहिलेली आणि ॲडमिनचा पासवर्ड आतच असलेली स्क्रिप्ट, जुन्या आवृत्तीचे न काढलेले फोल्डर. अँटिव्हायरसची सेवा शक्य असेल तिथे मर्यादित अधिकारांच्या खात्याखाली चालवावी, आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी वाचण्यासाठी डोमेन ॲडमिनचे खाते तर कधीच देऊ नये. संगणकांची यादी वाचायला साधे, केवळ वाचण्याचा अधिकार असलेले खाते पुरते. 'नंतर बदलू' म्हणून पहिल्या दिवशी दिलेले डोमेन ॲडमिनचे खाते मी इतक्या ठिकाणी तसेच पाहिले आहे की तपासणीच्या यादीत हे मी आता सर्वांत वर ठेवतो.

त्रुटी आपल्याकडे आहे की नाही हे पाहण्यासाठी ब्राउझरच्या पत्त्यात दोन टिंबे टाकून पाहण्याचा मोह होतो. त्याने काहीच कळत नाही, कारण ब्राउझर पत्ता पाठवण्याआधीच ती टिंबे सोडवून टाकतो आणि सर्व्हरपर्यंत साधी विनंती पोहोचते. 'मी करून पाहिले, काही झाले नाही' हा निष्कर्ष त्यामुळे फसवा असतो. आवृत्तीचा क्रमांक हाच पहिला पुरावा मानावा. त्यापलीकडे खात्री हवी असेल तर ओपनव्हास किंवा नेसस यांसारख्या तपासणी साधनाने, मालकाची लेखी परवानगी घेऊन, फक्त आपल्याच सर्व्हरवर तपासणी करावी. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय हे करणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येते, आणि हेतू चांगला होता हे सिद्ध करत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

यापुढचे काम सर्वांत वेळखाऊ आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे: पॅच बसण्याआधी कोणी फाइल नेली होती का, ते शोधणे. पॅच दार बंद करतो, पण गेलेला माल परत आणत नाही. कन्सोलच्या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक विनंतीची एक ओळ असते. डावीकडे विचारणाऱ्याचा आयपी पत्ता, मग वेळ, मग मागितलेला पत्ता, त्यापुढे उत्तराचा तीन अंकी क्रमांक आणि शेवटी पाठवलेले बाइट. या लॉगमध्ये दोन टिंबांची जोडी शोधावी. तेवढ्यावर थांबू नये, कारण टिंब हे टक्क्याचे चिन्ह, २ आणि इंग्रजी ई अशा सांकेतिक रूपात लिहिता येते, आणि टक्क्याचे चिन्हही पुन्हा सांकेतिक करून दुहेरी रूप देता येते. ही तिन्ही रूपे लहान आणि मोठ्या अशा दोन्ही अक्षरांत शोधावीत.

अशी ओळ सापडली की घाबरण्याआधी उत्तराचा क्रमांक पाहावा. ४०० किंवा ४०४ असेल तर कोणीतरी दार ठोठावले पण ते उघडले नाही. २०० असेल तर सर्व्हरने काहीतरी दिले. काय दिले हे बाइटच्या आकड्यावरून पुष्कळदा कळते: समजा आकडा १८४६ आहे, तर मागितलेल्या मार्गावरची सर्व्हरवरची फाइल उघडून तिचा आकार पाहावा. तोही बरोबर १८४६ बाइट भरला, तर ती फाइल पूर्ण बाहेर गेली हे जवळपास निश्चित समजावे. मधल्या काळात फाइल बदलली असेल तर जुन्या बॅकअपमधल्या प्रतीशी आकार ताडून पाहावा. मग त्याच आयपी पत्त्याच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढून वेळेच्या क्रमाने वाचाव्यात. आधी चाचपडत केलेल्या विनंत्या आणि नंतर नेमक्या फाइलींच्या मागण्या असा क्रम दिसला तर पलीकडे माणूस होता की नुसते स्वयंचलित साधन, याचाही अंदाज येतो.

एक्सएमएलच्या प्रकारात हे इतके सरळ नसते. तिथे घातक मजकूर विनंतीच्या पोटात असतो आणि लॉगमध्ये नुसता पत्ताच नोंदला जातो, त्यामुळे ओळ अगदी निरागस दिसते. अशा वेळी फायरवॉलच्या नोंदी उपयोगी पडतात: कन्सोल सर्व्हरने स्वतःहून एखाद्या अनोळखी पत्त्याशी संपर्क साधला होता का, हे त्यांतून दिसते. कन्सोलच्या चुकांच्या लॉगमध्ये एक्सएमएल वाचताना अडखळल्याच्या नोंदी एकाच वेळी गर्दीने आल्या असतील तर तीही खूण आहे.

फाइल गेल्याचे दिसले, किंवा त्रुटी असलेली आवृत्ती इंटरनेटवर उघडी होती आणि लॉग शिल्लक नाहीत, तर दोन्ही वेळा एकच वागावे: फाइल गेली असे धरून चालावे. आधी सर्व लॉग दुसऱ्या यंत्रावर कॉपी करून ठेवावेत, कारण काही उत्पादनांमध्ये पॅच बसताना जुने लॉग पुसले जातात. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवणेही. ६ तास हा अवधी फार लवकर संपतो, तेव्हा कळवण्याचा मसुदा आणि तो कोणाच्या सहीने जाईल हे आधीच ठरवून ठेवलेले बरे. पूर्ण तपास होईपर्यंत थांबू नये. जेवढे ठाऊक आहे तेवढे कळवावे आणि बाकी नंतर पुरवावे.

मग पॅच, आणि पॅचनंतर चाव्या. हा क्रम उलटा करू नये, कारण त्रुटी उघडी असताना बदललेला पासवर्ड पुन्हा वाचला जाईल. सुरुवात ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी जोडलेल्या खात्यापासून करावी, कारण त्याची पोहोच सर्वांत लांब असते. त्यानंतर डेटाबेसचा पासवर्ड, कन्सोलच्या सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड, ईमेल आणि प्रॉक्सीसाठी दिलेली खाती, आणि एजंट काढून टाकण्यापासून रोखणारा अनइन्स्टॉल पासवर्ड, जो पुष्कळदा विसरला जातो. एजंट आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या चाव्या आणि प्रमाणपत्र बदलणे हे सर्वांत किचकट काम असते: जुने प्रमाणपत्र घाईने काढले तर बंद असलेले लॅपटॉप नंतर सुरू होऊन सर्व्हरला ओळखणारच नाहीत. उत्पादनात दोन प्रमाणपत्रे काही काळ शेजारी ठेवण्याची सोय असेल तर नवे आधी सर्व एजंटांपर्यंत पोहोचू द्यावे, रजेवर असलेल्या आणि बाहेरगावी फिरणाऱ्या माणसांचे लॅपटॉप यादीत टिपून त्यांची वाट पाहावी, पण त्यासाठी शेवटची तारीख ठरवावी आणि त्या दिवशी जुने काढून टाकावे.

सगळे बदलून झाल्यावर प्रत्येक जुना पासवर्ड एकदा वापरून पाहावा. तो नाकारला गेला पाहिजे. एखादा चालला, तर ते खाते आणखी कुठेतरी वेगळ्या ठिकाणी साठवलेले आहे असे समजून ती जागा शोधावी आणि तोवर ते खाते बंद ठेवावे.